झुरिकमध्ये एवढ्या पगारात भागेल का?

झुरिकच्या कंपनीने वर्षाला १,१०,००० फ्रँक देऊ केले आहेत, पत्नी आणि पाच वर्षांची मुलगी बरोबर येणार आहेत, तर तिघांचे नीट भागेल का आणि थोडेफार मागे पडेल का, असे आपण विचारले आहे. भागेल, यात शंका नाही. मात्र आपण पाठवलेला अंदाज दूध, पाव, भाजी आणि बसचे तिकीट यांच्या किमतींवर उभा आहे, आणि या शहरात पगार तिथे संपत नाही. तो संपतो घरभाड्यात, आरोग्यविम्यात आणि दुसऱ्या माणसाकडून करून घेतलेल्या प्रत्येक कामात.

आधी हातात काय येते ते पाहावे. येथे वार्षिक पगार बहुधा तेरा भागांत विभागून देतात आणि तेरावा भाग वर्षअखेरीस मिळतो. तो बोनस नव्हे, आपल्याच पगाराचा राखून ठेवलेला हिस्सा असतो. म्हणजे महिन्याचा आकडा सुमारे ८,४६० फ्रँकांचा धरायचा. त्यातून सरकारी निवृत्तिवेतन व अपंगत्व योजनेचे ५.३ टक्के, बेकारी विम्याचे १.१ टक्के, वयाप्रमाणे वाढत जाणारी कंपनीच्या पेन्शन फंडाची वर्गणी आणि परदेशी कर्मचाऱ्यांच्या पगारातून परस्पर कापला जाणारा कर, एवढे वजा होऊन पावणेसात ते सात हजार फ्रँक हाती पडतील असे समजावे. शहरात नावनोंदणी करताना धर्म विचारतात, तेव्हा बिचकू नये. मान्यताप्राप्त चर्चच्या सदस्यांकडून वेगळा कर घेतला जातो, म्हणून तो प्रश्न असतो.

घराच्या बाबतीत पैशांपेक्षा घर मिळणे हीच अडचण आहे. शहरातील रिकाम्या घरांचे प्रमाण गेली काही वर्षे हजारात एकाच्या आसपास राहिले आहे, आणि एका घराच्या पाहणीसाठी जिन्यात रांग लागलेली दिसते. येथे खोल्या मोजताना बैठकीची खोली धरतात, स्वयंपाकघर व न्हाणीघर धरत नाहीत. तेव्हा ‘साडेतीन खोल्या’ म्हणजे दोन शयनगृहे, बैठकीची खोली आणि जेवणाच्या टेबलापुरती जास्तीची जागा. नव्या भाडेकरूला असे घर शहरात अडीच ते साडेतीन हजारांच्या खाली क्वचितच मिळते, आणि भाडे उत्पन्नाच्या एक तृतीयांशाहून जास्त होत असेल तर बरेच घरमालक अर्ज बाजूला ठेवतात. विंटरटूर किंवा उस्टर या जवळच्या शहरांकडे गेल्यास भाडे उतरते आणि रेल्वे इतकी वक्तशीर आहे की रोजचे जाणे-येणे जड जात नाही. सहकारी गृहसंस्थांची घरे पुष्कळ स्वस्त असतात, पण नवागताने त्यांच्यावर विसंबू नये. अनामत कायद्याने तीन महिन्यांच्या भाड्याहून अधिक घेता येत नाही आणि ती भाडेकरूच्याच नावाच्या बँक खात्यात अडकून राहते.

आरोग्यविम्याविषयी आपण काहीच विचारलेले नाही, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो. तो कंपनी देत नाही, प्रत्येकाने स्वतंत्रपणे घ्यायचा असतो, आणि त्यासाठी तीन महिन्यांची मुदत असली तरी हप्ता आल्या दिवसापासूनचा भरावा लागतो, त्यामुळे उशीर करून काही वाचत नाही. मूलभूत विम्यात काय मिळावे हे कायद्याने ठरलेले असल्याने सर्व कंपन्यांचे संरक्षण सारखेच असते. फरक असतो तो फक्त हप्त्यात. म्हणून स्वस्त कंपनी निवडण्यात कमीपणा मानू नये. खरा निर्णय आहे तो वर्षाकाठी स्वतःच्या खिशातून किती खर्च सोसायचा याचा. प्रौढांसाठी ही रक्कम ३०० पासून २,५०० फ्रँकांपर्यंत निवडता येते, आणि त्यापुढच्या खर्चाचाही दहा टक्के वाटा, वर्षाला ७०० फ्रँकांच्या मर्यादेत, आपलाच असतो. समजा वर्षभरात डॉक्टर व तपासण्यांचे बिल १,८०० झाले. मोठी रक्कम निवडली असेल तर सारे १,८०० आपले. लहान निवडली असेल तर ३०० आणि उरलेल्या दीड हजारांचे दहा टक्के, मिळून ४५०. पण लहान रकमेचा हप्ता वर्षाला जवळपास दीड हजाराने महाग पडू शकतो. थोडक्यात, वर्षाचा खर्च दोन हजारांच्या खाली राहणार असेल तर मोठी रक्कम, नाहीतर सर्वांत लहान. मधल्या पर्यायांचा सहसा उपयोग होत नाही. मुलांना ही रक्कम लागू नसते. नोकरी करणाऱ्यास अपघाताचे संरक्षण कंपनीकडून मिळते, तेव्हा आपल्या विम्यातून अपघाताचा भाग काढून टाकण्यास सांगावे. पत्नी नोकरी करत नसतील तर त्यांच्या विम्यात मात्र तो ठेवावाच लागेल. तिघांचे मिळून महिन्याला आठशे ते हजार फ्रँक धरावेत. दात यात येत नाहीत, तेव्हा दातांची कामे इकडे येण्यापूर्वीच उरकून घ्यावीत.

माणसाच्या श्रमाला येथे जी किंमत आहे ती चांगलीच गोष्ट आहे, पण तिचा अंदाज प्रत्यक्ष बिल पाहिल्याशिवाय येत नाही. साधे दुपारचे जेवण बाहेर घेतले तर वीस-पंचवीस फ्रँक सहज जातात, तेवढ्यात घरी तिघांचा दोन वेळचा स्वयंपाक होतो. घर सोडताना साफसफाईची खातरजमा होते: मालकाचा माणूस ओव्हनच्या आतले पत्रे पाहतो, नळाच्या तोंडाशी साचलेल्या चुन्यावर बोट फिरवतो, खिडक्यांच्या खाचा तपासतो. हे काम हमीसह करून देणाऱ्या मंडळींना मोठ्या घरासाठी हजाराच्या घरात पैसे मोजावे लागतात. मुलीचे वय आपल्या पथ्यावर पडले आहे. खासगी पाळणाघराला पूर्ण दिवसाचे १२० ते १५० फ्रँक पडतात, परंतु चार वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना सरकारी बालवाडी सक्तीची आणि विनामूल्य आहे. ती बहुतेक दिवस दुपारीच सुटते, त्यापुढच्या सांभाळाचे शुल्क उत्पन्नानुसार आकारतात. आपल्या परवान्यावर पत्नीलाही नोकरी करता येते. त्या करणार असतील तर हा खर्च आधी विचारून ठेवावा.

किराण्याचे म्हणाल तर मिग्रोस आणि कोप या मोठ्या दुकानांमध्ये स्वस्त मालाची स्वतंत्र मालिका असते, आल्डी, लिडल, देन्नर ही दुकानेही आहेत, आणि संध्याकाळी दुकान बंद होण्यापूर्वी ताज्या मालावर सवलतीच्या चिठ्ठ्या लागतात. तिघांचे महिन्याला आठशेपासून हजारात छान भागते. पुष्कळ जण शनिवारी रेल्वेने जर्मनीतील कॉन्स्टान्झला जाऊन खरेदी करतात. तिथला मूल्यवर्धित कर परत मिळतो, मात्र १ जानेवारी २०२५ पासून माणशी १५० फ्रँकांपेक्षा जास्त माल आणल्यास स्विस कर भरावा लागतो, पूर्वी ही मर्यादा ३०० होती. मांस शुल्क न भरता माणशी एक किलोच आणता येते. रेल्वेभाडे जमेस धरले तर दर आठवड्याला जाण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. कचऱ्याचे शुल्क त्यासाठीच्या ठरावीक पिशवीच्या किमतीतच घेतात, साध्या पिशवीतला कचरा उचलत नाहीत. म्हणून काच, कागद, प्लॅस्टिकच्या बाटल्या वेगळ्या काढणे आपोआप अंगवळणी पडते. पाणी विकत घेऊ नये, शहरात बाराशेहून अधिक कारंजी आहेत आणि त्यांचे पाणी पिण्याजोगे असते. रेडिओ-दूरदर्शनची ३३५ फ्रँकांची वार्षिक वर्गणी घरात टीव्ही नसला तरी भरावी लागते. गाडी घेऊ नका. रेल्वेचे अर्ध्या तिकिटाचे कार्ड मात्र पहिल्याच आठवड्यात घ्या.

असे सर्व जमेस धरून, आपली पत्नी नोकरी करत नसताना, महिन्याला हजार-दीड हजार आणि तेरावा पगार मागे पडू शकेल. सुरुवातीची रोकड मात्र वेगळी लागते: तीन महिन्यांची अनामत, पहिले भाडे, विम्याचे हप्ते, आणि घरे रिकामी मिळत असल्याने छतावरच्या दिव्यापासून पलंगापर्यंतचे सामान, यासाठी पंधरा हजार फ्रँक तरी हाताशी असावेत. म्हणून सही करण्याआधी कंपनीला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: पहिले दोन-तीन महिने राहण्याची सोय कोण करणार, अनामतीसाठी बिनव्याजी उचल मिळेल का, आणि पेन्शन फंडात कंपनीचा वाटा आपल्याइतकाच आहे की जास्त. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पगारवाढीइतके मोलाचे ठरू शकते, कारण काही कंपन्या दोन तृतीयांश भार स्वतः उचलतात.