एपिझिओटॉमी (बाळंतपणात योनीमुखाला दिलेला छेद) आणि लहान मुलांच्या जखमांसाठी लवकर विरघळणारा धागा कोणता घ्यावा?

तुम्ही ग्रामीण रुग्णालयात आहात, कपाटात क्रोमिक कॅटगट (क्रोमियमची प्रक्रिया केलेला आतड्याचा धागा) आणि साधं व्हिक्रिल (विरघळणारा कृत्रिम धागा) आहे. त्याचाच लवकर विरघळणारा प्रकार, व्हिक्रिल रॅपिड, मागवायचं का आणि मुलांच्या चेहऱ्याला काय वापरायचं, एवढा तुमचा प्रश्न. माझं उत्तर: रॅपिड मागवा, पण साध्या व्हिक्रिलच्या जागी नव्हे, कॅटगटच्या जागी.

‘लवकर विरघळणारा’ या शब्दानेच घोटाळा होतो. धागा पकड कधी सोडतो आणि दिसेनासा कधी होतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धागा निवडायचा पहिलीवरून. पेशंट तक्रार घेऊन येतो ती दुसरीवरून. बिनरंगी मोनोक्रिल या दुसऱ्या कृत्रिम धाग्याचंच बघा. आठवड्याने त्याची ५० ते ६० टक्के ताकद उरते, तीन आठवड्यांत ती संपते, पण धागा अंगातून जायला ९१ ते ११९ दिवस लागतात. व्हिक्रिल रॅपिड पाचव्या दिवशी निम्म्यावर येतं, १० ते १४ दिवसांत पकड शून्य आणि सुमारे ४२ दिवसांत धागा गायब. साधं व्हिक्रिल तीन आठवड्यांनीही निम्मी ताकद धरून असतं आणि ५६ ते ७० दिवसांत जातं. गंमत म्हणजे रॅपिड आणि साधं व्हिक्रिल एकाच रसायनाचे, पॉलिग्लॅक्टिन ९१० चे. रॅपिडला गॅमा किरण देऊन त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडलेल्या असतात. त्यामुळे ते पाण्याने लवकर तुटतं, आणि सुरुवातीची ताकदही साध्याच्या दोन-तृतीयांशच असते.

कॅटगटचा मांजराशी काही संबंध नाही. ती मेंढीच्या किंवा गुरांच्या आतड्याची तात. (पेशंटला हे सांगावं, काहींना ते चालत नाही.) तिचं वेळापत्रक कागदावर ठीक दिसतं: प्लेन (प्रक्रिया न केलेली) ७ ते १० दिवस, क्रोमिक १० ते १४ आणि क्वचित २१ दिवस. पण ती पाण्याने नव्हे, शरीरातल्या एन्झाइम्सनी पचते. जंतुसंसर्ग, ताप किंवा प्रथिनांची कमतरता असली की ती वेळेआधीच सुटते. बाळंतिणीत या तिन्ही गोष्टी एकत्र भेटू शकतात. शिवाय अंगाला ते परकं प्रथिन असल्याने सूज आणि ठणका जास्त. पेरिनियमसाठी (योनी आणि गुदद्वार यांच्यामधला भाग) कृत्रिम धाग्याने दुखणं कमी होतं, हे अभ्यासांतून पुरेसं स्पष्ट झालेलं आहे. साध्या व्हिक्रिलनेही जखम चांगलीच भरते. फक्त काही आठवड्यांनी ‘टाका टोचतोय’ म्हणून बाई परत येते आणि तो कापावा लागतो. रॅपिडने ते बरंच टळतं.

एपिझिओटॉमीला २-० रॅपिड घ्या (हा जाडीचा आकडा; पहिला आकडा जितका मोठा, धागा तितका बारीक). पहिला टाका योनीतल्या जखमेच्या टोकाच्या साधारण १ सेंटिमीटर वर घाला, कारण तिथल्या रक्तवाहिन्या आत ओढल्या जातात. टोकावरच टाका घातलात तर हेमॅटोमा (आत रक्त साचून गाठ) होऊ शकतो. मग योनीची भिंत, स्नायू आणि शेवटी त्वचेखालचा थर, हे सगळं एकाच धाग्याने सलग, लॉक न करता (म्हणजे प्रत्येक टाका आधीच्या फासात न अडकवता). दुसऱ्या दिवशी सूज येते, आणि लॉक केलेला टाका तेव्हा ऊतींना करकचून आवळतो. घालताना टाका किंचित सैल वाटला तर बरोबर आहे. शेवटी गुदमार्गातून बोट घालून तपासा, टाका रेक्टममधून गेला असेल तर आत्ताच काढा. गॉझ मोजा. फाट गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत गेली असेल तर रॅपिडला हातही लावू नका. तिथे ३-० पीडीएस (हळू विरघळणारा धागा) किंवा २-० साधं व्हिक्रिल, आणि अनुभवी हात.

मुलांच्या चेहऱ्याला ५-० किंवा ६-० फास्ट-अ‍ॅब्सॉर्बिंग गट (लवकर विरघळणारं कॅटगट) किंवा रॅपिड. फास्ट गट उष्णतेने मुद्दाम कमजोर केलेला असतो, पाच-सात दिवस टिकतो, आणि तो फक्त वरच्या त्वचेसाठी आहे. जखम तोंड वासत असेल तर खाली ५-० मोनोक्रिलने ताण घ्या. वरचा धागा केवळ कडा जुळवायला. गाठ मारताना तो चटकन तुटतो: हळू ओढा, आणि जो भाग आत राहणार तो नीडल होल्डरच्या (सुई धरायच्या चिमट्याच्या) चिमटीत धरू नका. ओठ फाटला असेल तर पहिला टाका ओठाचा लाल भाग आणि त्वचा यांच्या सीमारेषेवर. ती एक मिलिमीटर चुकली तरी जन्मभर दिसते. डोक्याला ४-० रॅपिड, नखाखालच्या जागेला ६-०.

घरी सांगताना: रोज दोनदा व्हॅसलीनचा पातळ थर. त्वचेबाहेरचा धागा कोरडा राहिला तर तुटत नाही, त्याला ओलावा लागतो. सात दिवसांनी ओल्या गॉझने हलकं पुसलं की बाहेरच्या गाठी बहुधा गळून पडतात. न पडल्या तर कात्रीने कापा; जास्त दिवस ठेवल्या तर त्वचेवर टाक्यांच्या खुणा उमटतात.

गुडघा, कोपर, पाठ, बोटांचे सांधे इथे त्वचेला रॅपिड नको. तीन आठवड्यांनीही जखमेत मूळ त्वचेच्या सुमारे २० टक्केच ताकद आलेली असते, आणि रॅपिड त्याआधीच सोडून गेलेलं असतं. तिथे नायलॉन घाला आणि १० ते १४ दिवसांनी काढा. मूल टाके काढू देणार नाही, म्हणून सांध्यावर रॅपिड घालायचा मोह होतो. जखम उघडली की तेच मूल पुन्हा टेबलावर येतं.

मागणीपत्रात ‘व्हिक्रिल’ एवढंच लिहिलंत तर साधं येईल. रंगावर भरवसा ठेवू नका: रॅपिड पांढरं असतं, पण साधं व्हिक्रिलही बिनरंगी मिळतं. ट्रुसिंथ फास्टसारखे देशी पर्याय चालतात. पाकिटावरचे ताकदीचे दिवस तेवढे वाचा. फॉइल फाटलेलं पाकीट ‘थोडाच धागा वापरलाय’ म्हणून उद्यासाठी ठेवू नका, विशेषतः कोकणातल्या पावसाळ्यात. हवेतल्या दमटपणाने तो मुळातच तुटू लागतो. पुन्हा ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक) तर नाहीच.

आणि कुत्रा चावलेल्या जखमेला यातला कुठलाच धागा लगेच घालू नका. साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवा, जखमेत रेबीज इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) भरा. टाके अगदी घालावेच लागले तर त्यानंतर, मोजके आणि सैल.