वासाला जातोय, फिनिश शिकू की स्वीडिश?

तुम्ही विचारलंय, फिनलंडमध्ये वासाला इंजिनिअरची नोकरी लागलीय, बायको आणि छोटी मुलगी सोबत येणार, तर स्वीडिश ही पाचच टक्के लोकांची भाषा, फिनिशच शिकावी ना?

अहो, पाच टक्के अख्ख्या देशात! वासात जवळपास चौथा हिस्सा स्वीडिश बोलतो. शहराची हद्द ओलांडून कोर्सहोल्ममध्ये शिरलात की पाटीवर स्वीडिश नाव वर आणि फिनिश खाली. जिथे जी भाषा बोलणारे जास्त, तिचा मान आधी. मी बेळगावची आहे, पाट्यांचं राजकारण मला कुणी शिकवू नये.

आमचे धाकटे दीर हेलसिंकीजवळच्या एस्पोला असतात, फिनलंडला आमच्या आधीपासून. लेकीला स्वीडिश दागिसमध्ये घातलं, म्हणजे पाळणाघरात, तेव्हा त्यांचा फोनवर फोन. "वहिनी, पोरीचं नुकसान करताय." दिवाळीला आले तेही चकली खात पाहुण्यांसमोर तेच. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या आजी सॉनाची वेळ बदलून मागायला आल्या. दीर फिनिशमध्ये सुरू झाले, आजी त्यांच्या खेड्याकडच्या स्वीडिशमध्ये. शेवटी लेकीने बोलणं पूर्ण केलं आणि वळून वरच्या मुलाला फिनिशमध्ये हाक मारत खेळायला पळाली. दीर म्हणाले, "बघा, फिनिश शेजाऱ्यांकडून आलीय, तुमच्या दागिसमधून नाही." मी तरी दुसरं काय म्हणत होते! फिनिश इथे खेळता खेळता येते. शिवाय स्वीडिश शाळेत ती लवकर सुरू होते. फिनिश शाळेत मात्र स्वीडिश २०१६ पासून सहावीत येते, आणि तीही "सक्तीची" म्हणून पोरं कुरकुरतात.

तुमचं म्हणाल तर ऑफिसात इंग्रजीवर भागेल. वार्ट्सिला, एबीबी असल्या कंपन्यांमुळे गावाला परदेशी माणसांची सवय आहे. संध्याकाळी प्रौढांसाठीचा स्वीडिशचा वर्ग लावा. फिनिशला पंधरा विभक्त्या, आपल्या आठ शाळेत किती जड गेल्या ते आठवा. नागरिकत्वाला दोन्हीपैकी कोणतीही एक भाषा चालते, हे दिरांना अजून पटलेलं नाही. सरकारी कचेरीत स्वीडिशमध्ये बोलायचा हक्क कायद्याने आहे, समोरचा माणूस कधी कधी फिनिशमध्येच उत्तर देतो ती गोष्ट वेगळी.

बायकोला दुकानात किंवा हॉस्पिटलात काम करायचं असेल तर मात्र फिनिशशिवाय अवघड आहे, बऱ्याच ठिकाणी दोन्ही मागतात. आणि दोन वर्षांत टाम्पेरेसारख्या निव्वळ फिनिश शहरात बदली व्हायची शक्यता असेल तर माझं काही ऐकू नका, सरळ फिनिश घ्या.

पण एस्पोत राहणाऱ्या कुणी वासाबद्दल सल्ला दिला तर मनावर घेऊ नका. एस्पोसुद्धा सरकारी कागदावर द्विभाषिकच आहे, दीर रोज "एस्बू" हे त्याचं स्वीडिश नाव लिहिलेल्या पाटीखालून ऑफिसला जातात.