कॅन्सर हॉस्पिटलमध्ये प्रत्येक अवयवासाठी वेगळा सर्जन का असतो?

कारण प्रत्येक अवयवातला कॅन्सर वेगळ्या वाटेने पसरतो, आणि कुठवर कापायचं हे तीच शस्त्रक्रिया शेकडो वेळा केल्यावरच नीट कळतं. पूर्वी जनरल सर्जनच सगळं करायचे. व्हिएन्नातले सर्जन बिलरोथ यांनी १८८१ मध्ये जठराचा कॅन्सरग्रस्त भाग काढून दाखवला. पुढे अमेरिकन सर्जन हॉल्स्टेड स्तनाच्या कॅन्सरमध्ये स्तनासोबत छातीचे स्नायूही काढत. जास्तीत जास्त काढणं हाच तेव्हाचा इलाज. मग रेडिएशन आलं, आणि १९८० च्या दशकात फिशर आणि वेरोनेसी या सर्जनांच्या चाचण्यांनी दाखवलं की स्तनात लहान गाठ असेल तर तेवढीच काढून रेडिएशन दिलं तरी रुग्ण तितकेच जगतात. माझ्या मते खरं वळण हेच: ‘किती काढायचं’बरोबर ‘किती वाचवायचं’ हाही प्रश्न आला. आज जबड्याच्या कॅन्सरमध्ये एक टीम हाड काढते, तर दुसरी पायातलं फिब्युला हाड रक्तवाहिन्यांसकट घेऊन, मायक्रोस्कोपखाली मानेतल्या वाहिन्यांना जोडून नवा जबडा घडवते. हे एकट्याचं काम नाही. अर्थात लहान केंद्रांत एकच कॅन्सर सर्जन बरेच अवयव हाताळतो आणि नेहमीच्या शस्त्रक्रियांना ते चालतं. स्वादुपिंड किंवा अन्ननलिकेची शस्त्रक्रिया मात्र जिथे ती वारंवार होते तिथेच करून घ्या.