वाचकांचे प्रश्न : ब्लूमिंग्टनचे अकरा विजय

गेल्या अंकात मी ब्लूमिंग्टनच्या इंडियाना विद्यापीठाच्या (अमेरिकन) फुटबॉल संघाबद्दल ओझरतं लिहिलं आणि त्यावर बरीच पत्रं आली. या वेळी फक्त त्याच पत्रांना उत्तरं देते. बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेईन.

माझा मुलगा गेल्या ऑगस्टपासून ब्लूमिंग्टनला एम. एस. करतो आहे. क्रिकेटशिवाय कशाचं नाव न घेणारा हा मुलगा आता दर फोनवर फुटबॉलच्या नव्या कोचबद्दल बोलतो. एक माणूस एका वर्षात अख्खा संघ बदलू शकतो का? की पोराला नव्याची नवलाई वाटते आहे?
— एक आई, नाशिक

नवलाई नाही हो, खरंच तसं घडलं. २०२४ च्या हंगामात संघाने अकरा सामने जिंकले आणि दोनच हरले. तुमच्या मुलाला ते पहिल्याच वर्षी बघायला मिळालं, याचं मला फार बरं वाटतं.

मी २०११ पासून मेमोरियल स्टेडियममध्ये जाते. माझी मुलगी त्या वर्षी विद्यापीठाच्या बँडमध्ये, मार्चिंग हंड्रेडमध्ये, ट्रम्पेट वाजवायला लागली. तिला बघायला म्हणून मी गेले आणि खेळ हळूहळू समजत गेला. त्या वर्षीही संघाला नवा कोच मिळाला होता. बारा सामने झाले, त्यातला एक जिंकला. मध्यंतरात बँड वाजून झाला की आमच्या रांगेतली निम्मी माणसं उठून घरी जायची. हे गाव मुळात बास्केटबॉलचं. त्या खेळाची राष्ट्रीय विजेतेपदं पाच, शेवटचं १९८७ चं. फुटबॉल म्हणजे बास्केटबॉल सुरू होईपर्यंतचा वेळ, असं माणसं उघड म्हणायची. अलीकडची तीन वर्षं सांगते: २०२१ मध्ये २ विजय आणि १० पराभव, २०२२ मध्ये ४ आणि ८, २०२३ मध्ये ३ आणि ९. कॉलेज फुटबॉलच्या वरच्या श्रेणीत सगळ्यांत जास्त पराभव याच विद्यापीठाच्या नावावर होते.

३० नोव्हेंबर २०२३ ला कर्ट सिग्नेटी यांची नेमणूक जाहीर झाली. वय ६२. डिसेंबरात त्यांना पत्रकारांनी विचारलं की, मुलांना इथे यायला तुम्ही पटवता कसं? ते म्हणाले, मी जिंकतो, गूगलवर बघा. गावात पुष्कळांना हे बोलणं खटकलं. मी मात्र खरंच शोधून बघितलं. अलाबामासारख्या बलाढ्य संघात सहायक कोच असलेला हा माणूस ते पद सोडून २०११ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या, दुसऱ्या श्रेणीच्या संघाचा मुख्य कोच झाला. त्या गावाचं नावही इंडियानाच, आणि त्यांच्या वडिलांनीही तिथेच कोच म्हणून काम केलेलं. तिथून ते एलॉन विद्यापीठात गेले. आदल्या वर्षी २ विजय आणि ९ पराभव असलेला तो संघ त्यांच्या पहिल्याच वर्षी ८ सामने जिंकला. मग जेम्स मॅडिसन विद्यापीठ. तिथे पाच वर्षांत ५२ विजय, ९ पराभव. हे सगळं वाचून झाल्यावर मला त्या बोलण्यात बढाई दिसेना.

आता तुमचा खरा प्रश्न : हे झालं कसं? माझं उत्तर असं की ते एकटे आलेच नाहीत. जेम्स मॅडिसनमधली तेरा मुलं त्यांच्यामागून ब्लूमिंग्टनला आली. एडन फिशर, मिकाइल कमारा, इलायजा सॅरॅट, डिअँजेलो पाँड्स ही नावं तुमच्या मुलाच्या तोंडून तुम्ही ऐकली असतील. आक्रमण आणि बचाव सांभाळणारे दोन प्रमुख सहायकही तिथलेच. नवा कोच आला की सहसा पहिलं वर्ष ओळखीतच जातं. सरावाला किती वाजता यायचं, चुकलं तर काय होतं, हा माणूस बोलतो तसा वागतो का, हे मुलांना हळूहळू कळतं. इथे तेरा मुलांना ते आधीच ठाऊक होतं. जुन्या मुलांनी कोचकडे बघायच्या आधी शेजारच्या मुलाकडे बघितलं आणि शिकून घेतलं. भाषण ऐकून संघ सुधारताना मी तरी कधी बघितला नाही.

दुसरी गोष्ट निवडीची. उंचापुरा आहे, पुढे चमकेल, अशा आशेवर ते मुलगा घेत नाहीत. आजवर मैदानात काय करून दाखवलंय ते बघतात. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू हातात घेऊन पुढची चाल ठरवणारा खेळाडू. त्या जागेवर त्यांनी कर्टिस रोर्कला आणलं. हा कॅनडाचा मुलगा ओहायो विद्यापीठाच्या संघात बरीच वर्षं खेळून आलेला. (ओहायो स्टेट वेगळं, हे वेगळं.) ऑक्टोबरात नेब्रास्काला ५६–७ असं हरवताना त्याच्या अंगठ्याला दुखापत झाली. पुढच्या शनिवारी टेवेन जॅक्सन त्याच्या जागी उतरला आणि वॉशिंग्टनविरुद्धचा सामना ३१–१७ असा जिंकून दिला. त्यानंतरच्या आठवड्यात मिशिगन स्टेटच्या मैदानावर आपण ०–१० ने मागे पडलो. हंगामात मागे पडायची ती पहिलीच वेळ. मी घरी टीव्हीसमोर होते आणि जुन्या सवयीने माझा हात रिमोटकडे गेला. कडेला उभ्या असलेल्या सिग्नेटींच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नव्हती. त्यानंतरचे सगळे ४७ गुण आपले. मी रिमोट ठेवून दिला.

९ नोव्हेंबरचा मिशिगनचा सामना मात्र मी स्टेडियममध्ये बघितला. मिशिगन म्हणजे आदल्या वर्षीचा राष्ट्रीय विजेता. मध्यंतराला १७–३ अशी आघाडी होती. दुसऱ्या अर्ध्यात आपलं आक्रमण जागच्या जागी अडकलं आणि मिशिगन १७–१५ पर्यंत येऊन ठेपलं. बरोबरीसाठी त्यांना दोन गुणांचा प्रयत्न साधायचा होता, तो फसला. माझ्या पुढच्या रांगेत एक गृहस्थ बसतात. १९६७ मध्ये हा संघ रोझ बोल या मानाच्या सामन्यासाठी पात्र ठरला तेव्हा ते इथे विद्यार्थी होते. त्या प्रयत्नाच्या वेळी त्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि काय झालं ते मला सांगावं लागलं. शेवटी २०–१५. विद्यापीठाच्या इतिहासात एका हंगामात दहा विजय याआधी कधीही झाले नव्हते. त्या दिवशी मध्यंतरात कुणीही घरी गेलं नाही.

रोर्कबद्दल एक राहिलंच. हंगाम संपल्यावर, जानेवारीत, कळलं की त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटलेला होता आणि तसाच तो सगळं वर्ष खेळला. हे वाचून मला अभिमान वाटला नाही, काळजी वाटली. चोवीस वर्षांच्या मुलाला पुढे आयुष्यभर त्याच गुडघ्यावर चालायचं आहे. पण त्याची जिद्द मी नाकारणार नाही.

तुम्ही या कोचचं कौतुक करता, पण त्याने जुन्या कॉलेजला वाऱ्यावर सोडलं आणि तिथली चांगली मुलं उचलून आणली. याला निष्ठा म्हणायचं का? आपल्याकडे गुरू असा वागला तर आपण काय म्हणू?
— एक वाचक, न्यू जर्सी

तुमचा प्रश्न मला लागला, कारण जेम्स मॅडिसनच्या मुलांचा मी त्या वेळी विचार केला होता. २०२३ च्या नियमित हंगामात त्यांनी बारापैकी अकरा सामने जिंकले. मग कोच गेले. २३ डिसेंबरला एअर फोर्सविरुद्धचा शेवटचा सामना ती मुलं हंगामी कोचच्या हाताखाली खेळली आणि ३१–२१ अशी हरली. त्या मुलांना वाईट वाटलं नसेल असं मी म्हणणार नाही.

पण निष्ठेची अपेक्षा आपण नेहमी कुणाकडून करतो, तेही बघू. पूर्वी कोच डिसेंबरात कुठेही निघून जायचा. मुलाने कॉलेज बदललं तर मात्र त्याला एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. २०२१ पासून पहिल्या बदलाला ती अट उरली नाही आणि एप्रिल २०२४ मध्ये, अभ्यास व्यवस्थित असेल तर, कितीही वेळा बदलायची मोकळीक मिळाली. जुलै २०२१ पासून स्वतःच्या नावाचे आणि छायाचित्राचे पैसेही मुलांना घेता येतात. आता पैशांचं बघा. इंडियानाने आधीच्या कोचला मुदतीआधी मोकळं करण्यासाठी १ कोटी ५५ लाख डॉलर कबूल केले. सिग्नेटींशी नोव्हेंबर २०२४ मध्ये आठ वर्षांचा नवा करार केला, तो सुमारे ७ कोटी २० लाख डॉलरचा. मोठ्या माणसांचा व्यवहार एवढा मोठा असताना वीस वर्षांच्या मुलाने जागच्या जागी थांबावं, असं मला म्हणवत नाही. गुरूबरोबर जायचं की नाही हे ठरवायचा हक्क त्याला मिळाला, हे मला योग्यच वाटतं.

याची किंमत आहे, तीही सांगते. २०२४ मध्ये संघात शिष्यवृत्तीच्या जागा ८५ होत्या. बाहेरून एक मुलगा आला की इथल्या कुणाची तरी जागा जाते. त्या मुलावर कुणी बातमी लिहीत नाही. त्याच्या घरी त्या दिवशी काय झालं असेल, याचा विचार विजयाच्या गर्दीतही माझ्या मनातून जात नाही. तुमच्या पत्रातली अस्वस्थता मला खोटी वाटत नाही ती यामुळेच.

जेम्स मॅडिसन मात्र वाऱ्यावर उडून गेलं नाही. नव्या कोचबरोबर त्यांनी २०२४ मध्ये नऊ सामने जिंकले, आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या घरच्या मैदानावर जाऊन ७० गुण केले.

ताई, आम्ही कोलंबसची माणसं. इंडियानाने हरवलं तरी कुणाला? दोन खरे संघ समोर आले आणि दोन्हीकडे हरले. राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बारा संघांच्या प्लेऑफमध्ये त्यांची जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळायला हवी होती.
— ओहायो स्टेटचं एक कुटुंब

सामने सोपे होते, हे अर्धं मान्य. वेस्टर्न इलिनॉयला ७७–३ असं हरवून काहीच सिद्ध होत नाही. तुमच्या गावात २३ नोव्हेंबरला झालेला ३८–१५ हा पराभवही निर्विवाद होता. पहिला टचडाउन (चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार नेणं) आपला, पण मध्यंतराच्या थोडं आधी आपल्या पंटरच्या, म्हणजे लाथ मारून चेंडू दूर समोरच्यांकडे धाडणाऱ्या खेळाडूच्या, हातून चेंडू निसटला, आणि दुसऱ्या अर्ध्याच्या सुरुवातीला तुमच्या केलेब डाउन्सने आपली पंट (तसा धाडलेला चेंडू) थेट शेवटच्या रेषेपर्यंत पळवत नेली. रोर्कला तुमच्या बचावफळीने पाच वेळा पाडलं. आपली पुढची फळी त्या दिवशी अपुरी पडली, एवढं सरळ आहे.

२० डिसेंबरला प्लेऑफच्या सामन्यात, नोत्र दाम विद्यापीठाच्या गावी साउथ बेंडलाही तेच. नोत्र दामच्या जेरेमाया लव्हने पहिल्याच क्वार्टरमध्ये ९८ यार्डांची धाव घेतली. मैदानच शंभर यार्डांचं, यावरून काय ते समजा. शेवटच्या दोन मिनिटांपर्यंत गुणफलक २७–३ होता. अखेरचे दोन टचडाउन मिळून २७–१७ झालं खरं, पण सामना तेवढा चुरशीचा नव्हता.

तरी जागा चुकीची होती, हे मी मानत नाही. आपल्याला हरवणारे संघ दोनच, आणि २० जानेवारीला अंतिम सामना खेळले तेच दोघे. तुम्ही तो ३४–२३ असा जिंकलात, त्याबद्दल मनापासून अभिनंदन. आणि ज्या मिशिगनला इंडियानाने हरवलं, ते मिशिगन तीनच आठवड्यांनी कोलंबसला येऊन तुम्हाला १३–१० असं हरवून गेलं. अकरा विजय आणि अंतिम फेरीतल्या दोन संघांकडून दोन पराभव, एवढ्यावर बारांत जागा मिळू नये तर कशावर मिळावी?

येत्या सप्टेंबरात मुलाकडे अमेरिकेला येणार आहोत. तो आम्हाला सामना दाखवणार म्हणतो. आम्हाला या खेळातलं ओ की ठो कळत नाही. काय बघायचं?
— आजी-आजोबा, सातारा

एकच हिशेब लक्षात ठेवा : चार प्रयत्नांत दहा यार्ड. तेवढे पुढे गेले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही गेले तर चेंडू समोरच्या संघाला. चौथ्या प्रयत्नाला बहुतेक वेळा चेंडू लाथ मारून दूर धाडतात, त्यामुळे तिसऱ्या प्रयत्नाला सगळे श्वास रोखतात. चेंडू समोरच्यांकडे असताना आपण ओरडायचं, म्हणजे त्यांच्या क्वार्टरबॅकच्या सूचना त्याच्याच माणसांना ऐकू जात नाहीत. आपला खेळत असेल तेव्हा गप्प बसायचं. चेंडू सापडला नाही तर शोधू नका. दोन्ही संघांच्या मधे, चेंडू ठेवलेल्या रेषेवर समोरासमोर वाकून उभी असलेली धिप्पाड मुलं बघा. ती कोणत्या बाजूला सरकतात त्यावरून बरंच कळतं.

पिशवी पारदर्शक लागते, नाहीतर दारात अडवतात. बाकांवर बसायला उशी न्या, सामना तीन तासांहून जास्त चालतो. आणि मध्यंतरात खायला खाली जाऊ नका, बँड जागेवर बसूनच बघा. ती मुलं आठवडाभर सराव करतात, आणि संघ एकच सामना जिंकत होता त्या वर्षीही ती इतकीच सुंदर वाजवायची.