स्पितीतील गोठलेल्या धबधब्यावर बर्फ वितळू लागल्यावर चढाई करावी का?

फेब्रुवारीअखेर दुपारी पाणी ठिबकू लागल्यावरही या धबधब्यांवर चढता येईल का, या प्रश्नाला माझे उत्तर 'नाही' असे आहे. हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यातला काझा गावाचा परिसर ३,६०० मीटरहून उंच असून रात्री तेथे कडाक्याची थंडी असते, हे खरे. परंतु दक्षिणाभिमुख कड्यावर उन्हाने तापलेला खडक बर्फाला मागून वितळवतो आणि वरून शाबूत दिसणारा थर कड्यापासून सुटू लागतो. ओल्या बर्फात आइस अॅक्स (बर्फावर चढण्याची कुऱ्हाड) सहज रुतते, त्यामुळे बर्फ भक्कम वाटतो, आणि खरी फसगत तिथेच होते, कारण उन्हात तापलेला आइस स्क्रू (सुरक्षेचा दोर अडकवण्यासाठी बर्फात फिरवून बसवलेला धातूचा स्क्रू) भोवतालचा बर्फ वितळवून सैल होतो. एका रात्रीच्या गोठण्यावर विसंबू नये. चढायचेच असेल, तर दिवसभर सावलीत राहणारी उत्तराभिमुख घळ निवडावी. तेथेही ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर मुकाट्याने खाली उतरावे.