२०१९ चा लॅपटॉप फार स्लो झालाय, दुकानदार म्हणतो नवीनच घ्या. खरंच गरज आहे का?

तुम्ही तपशील नीट दिलाय, त्यामुळे मोघम बोलायची वेळ येत नाही. २०१९ मध्ये घेतलेला लॅपटॉप, आय-थ्री ७०२०यू प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. चालू करून हाताशी यायला सहा-सात मिनिटं. काम म्हणजे सोसायटीचा हिशोब एक्सेलमध्ये, पत्रं, ऑनलाइन फॉर्म, यूट्यूब. मुलगी बारावीला, पुढे इंजिनिअरिंग. आणि नाशिकच्या सिडकोतल्या दुकानदाराचं म्हणणं, 'विंडोज १० बंद झालं, आता हा ठेवून उपयोग नाही.'

माझं उत्तर असं: तुमच्या कामाला नवीन लॅपटॉप लागत नाही. मुलीला लागेल, पण तो आत्ता नाही. दुकानदाराने दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत भरल्यात. मशीन स्लो आहे ते विंडोज १० चा सपोर्ट संपल्यामुळे नाही, आणि सपोर्ट संपला म्हणून मशीन बंदही पडत नाही.

आधी स्लोपणा कुठून येतो ते बघा. लॅपटॉप चालू केल्यावर लगेच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्सवर जा. डाव्या बाजूला सीपीयू, मेमरी, डिस्क दिसतील. डिस्कवर क्लिक करा. ॲक्टिव्ह टाइम १०० टक्क्यांना चिकटलेला आणि खाली वाचण्या-लिहिण्याचा वेग सेकंदाला जेमतेम दोन-तीन एमबी, असं दिसलं की दुखणं सापडलं. लॅपटॉपमधली हार्ड डिस्क बहुधा ५४०० आरपीएमची असते, म्हणजे तिची तबकडी मिनिटाला ५४०० फेऱ्या मारते. एका फेरीला ११ मिलिसेकंद लागतात. त्यात डेटा वाचणारं हेड जागेवर सरकायचा वेळ धरला तर डिस्क एका सेकंदात साठ-सत्तर वेगवेगळ्या ठिकाणांहून वाचू शकते. विंडोज सुरू होताना हजारो बारक्या फाइली इकडून तिकडून उचलतं, वर अँटिव्हायरस आणि अपडेट तिथेच रांग लावतात. प्रोसेसर बिचारा ५-१० टक्क्यांवर हात बांधून उभा. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा ठेवणारी डिस्क, असेल तर तिच्यात फिरणारं काही नसल्यामुळे ती त्याच सेकंदात हजारो ठिकाणं वाचते.

तिथेच मेमरीवरही क्लिक करा. तुमचं रोजचं काम उघडं असताना वापर ८५-९० टक्क्यांवर असेल तर रॅमही अपुरी आहे. रॅम भरली की विंडोज उरलेला माल डिस्कवर टाकतं, म्हणून डिस्क आणखी गुदमरते. खाली 'स्लॉट्स यूज्ड' समोर १ ऑफ २ दिसलं तर एक जागा मोकळी. 'फॉर्म फॅक्टर' समोर 'रो ऑफ चिप्स' असेल तर ती रॅम बोर्डावर डाग देऊन बसवलेली आहे, निघणार नाही. पण अशा बऱ्याच मॉडेलांत शेजारी एक मोकळा स्लॉट असतो. तुमचा प्रोसेसर डीडीआर४ (हा रॅमचा प्रकार) २१३३ वेगाने चालवतो. बाजारात ३२०० ची मिळेल, ती घ्यायला हरकत नाही, खाली उतरून २१३३ ला चालेल. फक्त आत्ता बसलेली रॅम डीडीआर४ च आहे ना ते बघा, कारण डीडीआर३एल या जुन्या प्रकारच्या खाचेत डीडीआर४ ची पट्टी बसत नाही. ४ अधिक ८ असं विषम मिश्रणही चालतं, '४ ला ४ च लागते' हे खरं नाही.

तिसरी गोष्ट सीपीयूचा वेग. या प्रोसेसरचा ठरलेला वेग २.३ गिगाहर्ट्झ आहे, गरजेला आपोआप वेग वाढवणारं टर्बो वगैरे त्याला नाही. काम चालू असताना तो ०.८ च्या आसपास अडकून राहत असेल तर कारण एकतर उष्णता, नाहीतर चार्जर. काही कंपन्यांचे लॅपटॉप ओळखीचा चार्जर नसला की मुद्दाम वेग कमी करतात, त्यामुळे डुप्लिकेट चार्जर लावला असेल तर तो काढून बघा. उष्णतेचं म्हणाल तर सातपूर-अंबडच्या बाजूची धूळ आणि कुंभाच्या कामांसाठी खोदलेले रस्ते, पंख्याचं काय होत असेल ते समजून घ्या. पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधे धुळीचा नमद्यासारखा थर बसतो. बाहेरून फुंकर मारली तर तो तिथेच घट्ट होतो. मागचं कव्हर उघडून, पंख्याचं पातं बोटाने धरून (मोकळं फिरू दिलं तर बेअरिंग जातं) ब्रशने काढावा लागतो. थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला लावतात ती) बदलायची तर मुगाच्या दाण्याएवढी पुरे.

यूट्यूब अडकत असेल तर तो मात्र लॅपटॉपचा दोष नसेलही. त्या काळातल्या स्वस्त मॉडेलांत फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय कार्ड असायचं, आणि अपार्टमेंटमध्ये त्या बँडवर शेजारच्या दहा घरांचे राउटर बोंबलत असतात. लॅन केबल लावून एकदा बघा. केबलवर सुरळीत चाललं तर यूएसबीचा ड्युअल बँड डोंगल (२.४ सोबत ५ गिगाहर्ट्झही पकडणारा) पुरेल.

आता एसएसडी. हार्ड डिस्कच्या जागी बसणारी ७ मिमी जाडीची अडीच इंची साटा एसएसडी (साटा म्हणजे हार्ड डिस्कचीच जोडणी) घ्या, २५६ जीबी तुमच्या कामाला भरपूर. तुमच्या मॉडेलला एम.२ स्लॉट (पट्टीसारख्या एसएसडीची खाच) असेल तर तो साटाचा आहे की एनव्हीएमई या वेगळ्या जोडणीचा हे मॅन्युअलमध्ये बघितल्याशिवाय एम.२ घेऊ नका. दिसायला सारख्या असतात, चुकीची लावली तर ओळखतच नाही.

जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल करण्यापेक्षा कोरं विंडोज टाकलेलं बरं, सात वर्षांचा गाळ सोबत कशाला न्यायचा. पण त्याआधी तीन कामं. डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या. लॅपटॉपसोबत आलेलं ऑफिस कोणत्या ईमेलवर नोंदलंय ते लिहून ठेवा. आणि कंपनीच्या साइटवरून वायफायचा ड्रायव्हर (वायफाय कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा, कारण कधीकधी कोऱ्या विंडोजला वायफाय ओळखता येत नाही आणि ड्रायव्हर आणायला इंटरनेट लागतं. विंडोज टाकताना प्रॉडक्ट की (लायसन्सचा कोड) विचारली तर 'माझ्याकडे की नाही' निवडा. लॅपटॉपसोबत आलेलं लायसन्स मदरबोर्डशी बांधलेलं असतं, नेटला जोडल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट होतं. यासाठी कुणी वेगळे पैसे मागितले तर देऊ नका.

आणि एक चूक हमखास होते: जुनी डिस्क आत ठेवूनच एसएसडीवर विंडोज टाकतात. मग बूट फाइली (लॅपटॉप सुरू करणाऱ्या) जुन्या डिस्कवर जाऊन बसतात आणि ती काढली की लॅपटॉप सुरूच होत नाही. जुनी डिस्क बाहेर काढूनच इन्स्टॉल करा. नंतर तिला यूएसबीचं केसिंग घातलं की बॅकअपला झाली.

घरी उघडणार असाल तर स्क्रू रबरी पायांखालीही लपलेले असतात, ते राहिले आणि ओढलं की प्लास्टिकचे हूक तुटतात. आत गेल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढायचं. काही मॉडेलांत कीबोर्ड वर उचलल्याशिवाय आत जाताच येत नाही, तिथे त्याची पातळ पट्टी-केबल ज्या लॅचमध्ये असते तो लॅच नखाने हलकेच उचला. तो मोडला तर स्वस्तातलं काम महागात पडतं. हात धजत नसेल तर दुकानात द्या. मग ते एम.जी. रोडचं असो की तुमच्या कोपऱ्यावरचं, समोर बसून करून घ्या, जुनी डिस्क परत मागा, बिलावर एसएसडीचा सीरियल नंबर लिहून घ्या. घरी आल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाकून 'पॉवर ऑन अवर्स', म्हणजे एसएसडी किती तास चाललीय, ते बघा. नव्या एसएसडीवर तो आकडा पाच-दहाच्या आत हवा, तीन आकडी निघाला तर वापरलेली गळ्यात मारलीय. रॅम आणि एसएसडीचे भाव २०२५ च्या अखेरीपासून बरेच चढलेत, त्यामुळे जुन्या व्हिडिओतले आकडे धरून घासाघीस करू नका, दोन-तीन ठिकाणी विचारा.

आता दुकानदाराच्या खऱ्या मुद्द्याकडे. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे बरोबर. विंडोज ११ साठी इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर लागतात, आणि तुमचा ७०२०यू सातव्या पिढीचा आहे, म्हणजे एका पायरीने हुकलात. पण घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट ठेवलेत. सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, विंडोज अपडेट, तिथे नोंदणीची लिंक दिसते. विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती हवी, आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की पैसे पडत नाहीत.

त्यानंतर काय? जुगाड करून विंडोज ११ टाकता येतं, कित्येक जण टाकतात. पण पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि दर मोठ्या अपडेटला तोच खटाटोप पुन्हा. बँकेचे व्यवहार होणाऱ्या मशीनवर मी सुचवणार नाही. तुमच्या कामाला विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम चालेल: ब्राउझर, पत्रं, मराठी टायपिंग, साधे हिशोब सगळं होतं. मात्र एक्सेलमध्ये मॅक्रो (काम आपोआप करणाऱ्या आज्ञा) असतील, टॅली किंवा श्री-लिपी वापरत असाल तर मिंट तुमच्यासाठी नाही. आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा, त्यात डिस्कला हात लागत नाही.

खर्च करूच नये अशीही अवस्था असते. झाकण उघडताना बिजागरीपाशी कटकन आवाज येतो आणि कोपरा फाकतो, म्हणजे आतले प्लास्टिकचे खुंट तुटलेत; अराल्डाइटने भरलेलं फार टिकत नाही. टचपॅड वर आलंय किंवा तळ फुगलाय, तर बॅटरी फुगलीय, चार्जिंग आजच बंद करा. एकटी बॅटरी बदलता येते, पण बॅटरी, बिजागरी आणि स्क्रीन तिन्ही एकदम आली तर सोडून द्या. माझा हिशोब असा की दुरुस्तीचा एकूण खर्च तशाच कामाच्या नव्या लॅपटॉपच्या एक तृतीयांशाच्या वर गेला की थांबायचं. तुमच्या बाबतीत एसएसडी आणि रॅम त्याच्या आत बसायला हवं.

मुलीचा लॅपटॉप कॅप राउंड (इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या) होऊन ब्रँच हातात पडेपर्यंत घेऊ नका. कॉम्प्युटर मिळालं तर १६ जीबी रॅम आणि चांगला कीबोर्ड महत्त्वाचा, ग्राफिक्स कार्ड नसलं तरी बहुतेक काम होतं. मेकॅनिकल किंवा सिव्हिल मिळालं तर सॉलिडवर्क्स, रेव्हिटसारखी डिझाइनची सॉफ्टवेअरं चालवायला वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेलं मॉडेल बघावं लागेल, आणि त्याचं बजेट वेगळं. सुरुवातीचं सी प्रोग्रॅमिंग तर एसएसडी टाकलेल्या तुमच्या याच लॅपटॉपवर होईल. घेताना एकच गोष्ट दुकानात टास्क मॅनेजर उघडून स्वतः बघा: ८ जीबी बोर्डावर आणि मोकळा स्लॉट एकही नाही, असं मॉडेल ऑफरमध्ये कितीही स्वस्त दिसलं तरी घेऊ नका.