आई-वडील चीनला येणार असतील तर

आई-वडिलांना बीजिंग आणि शीआन दाखवण्याचा तुमचा बेत असेल, तर तो उत्तम आहे. मात्र १ ऑक्टोबरपासूनचा राष्ट्रीय सुट्टीचा आठवडा टाळावा, कारण तेव्हा वयस्कर माणसांना गर्दीचा फार त्रास होतो. त्यांची व्यवस्था हॉटेलातच करावी. हॉटेल पाहुण्यांची पोलिसांकडील नोंदणी स्वतः करते. ओळखीच्या घरी उतरवल्यास ती नोंदणी २४ तासांच्या आत तुम्हाला करावी लागते. निषिद्ध नगरीची, म्हणजे बीजिंगमधील जुन्या राजवाड्याची (फॉरबिडन सिटी), तिकिटे पासपोर्ट क्रमांकावर आधीच काढावी लागतात आणि सोमवारी ही नगरी सहसा बंद असते. वेगवान रेल्वेचे तिकीटही पासपोर्टशी जोडलेले असल्याने मूळ पासपोर्ट त्यांच्याजवळच असू द्यावेत.

भारतातून निघण्यापूर्वीच त्यांच्या फोनवर अलीपे हे पैसे देण्याचे चिनी अ‍ॅप घेऊन त्याला आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू असलेले व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडून ठेवावे. तिथल्या इंटरनेटवर व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही, म्हणून भारतीय सिमवर रोमिंग घ्यावे.

ते शाकाहारी असतील तर जेवणाकडे मात्र सर्वांत जास्त लक्ष द्या. केवळ ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही, कारण साध्या दिसणाऱ्या भाजीतही डुकराची चरबी, कोंबडीचा रस्सा किंवा कालवांचा सॉस असू शकतो. या तिन्हींची नावे लिहिलेली चिनी चिठ्ठी आईजवळ द्यावी. बौद्ध मंदिरांजवळची शाकाहारी भोजनालये मला सर्वांत भरवशाची वाटतात, आणि तिथे बहुधा कांदा-लसूणही नसल्याने उपवासाखेरीजच्या दिवशी आईंची काळजीच उरत नाही. प्रवासाच्या दिवसासाठी दशम्या आणि कोरडी चटणी त्यांना सोबत आणायला सांगा.